एनपीटेल, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांचे फुकट ऑनलाइन कोर्स, एवढं मोठं कसं झालं? सोलापुरात बसून त्याचा उपयोग होतो का?

होतो की! पण नुसते व्हिडिओ बघून नाही.

२००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी मिळून हे सुरू केलं. प्राध्यापकांचे तास रेकॉर्ड करायचे आणि फुकट द्यायचे, एवढंच. यूट्यूबमुळे ते घरोघरी पोचलं; पण माझ्या मते खरी वाढ २०१४ नंतरची, प्रमाणपत्राचे कोर्स आल्यावर. दर आठवड्याला असाइनमेंट, शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा. शिकणं फुकट, पैसे फक्त परीक्षेचे. पुढे हे कोर्स 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर आले, कॉलेजं त्यांचे क्रेडिट पदवीत धरू लागली. मग काय, पोरं आपसूक वळली. (क्रेडिटसाठी येतात, त्यात वाईट काही नाही.)

माझा भाचा अशोक चौकाजवळ राहतो, शेजारी दिवसभर यंत्रमागाची खडखड. इयरफोन घालून, व्हिडिओचा वेग कमी करून बघायचा, कारण प्राध्यापकांचं इंग्रजी झेपत नव्हतं. दोनदा तिसऱ्या आठवड्यात कोर्स सोडला. तिसऱ्यांदा मित्राबरोबर नाव नोंदवलं, तेव्हा कुठे पार पडला.

तुम्हीही जोडीदार बघा आणि असाइनमेंटची तारीख चुकवू नका. बहुतेक कोर्सांत २५ टक्के गुण त्यावरच असतात.