बिली हॉलिडे ऐकायला सुरुवात करताना

अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेची सगळी रेकॉर्डिंग्ज सुरुवातीलाच क्रमाने ऐकायला बसू नका, आठवड्यात कंटाळाल. १९३५ ते १९३८ मधली पियानोवादक टेडी विल्सनसोबतची दहा-बारा गाणी निवडा आणि तीच पुन्हा पुन्हा ऐका. यातल्या बऱ्याच तबकड्या विल्सनच्या ऑर्केस्ट्राच्या नावावर आहेत, म्हणून नुसतं बिलीचं नाव शोधलं तर सुटून जातात.

पहिलं गाणं 'धिस इयर्स किसेस' घ्या, २५ जानेवारी १९३७ चं. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. त्यात आधी लेस्टर यंगचा सॅक्सोफोन पूर्ण चाल वाजवतो, मग बिली येते. ती उशिरा येते म्हणून पुढे सरकवू नका! लेस्टरने चाल कशी सैल सोडली ते लक्षात ठेवा, मग बिलीचे शब्द ठेक्याच्या किंचित मागे कसे पडतात ते ऐका. बोटाने ठेका धरलात तर चटकन कळेल. स्विंग, म्हणजे जॅझमधली झुलती लय, म्हणतात ती इथेच सापडते.

नवखे हमखास चुकतात ते दोन ठिकाणी:

- थेट १९५८ च्या 'लेडी इन सॅटिन' या अल्बमपासून सुरुवात. तो आवाज थकलेला, चिरफाळलेला आहे. तरुण बिली ओळखीची झाली की तोच काळजाला भिडतो.
- रेकॉर्डिंगचं साल न बघणं. तिने जुनी गाणी १९५०च्या दशकात पुन्हा गायली. नाव तेच, पण लय आणि वादक वेगळे.

कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींवरचं 'स्ट्रेंज फ्रूट' (१९३९) मात्र निवांत, एकट्याने ऐका. डेक्का कंपनीसाठीची तिची रेकॉर्डिंग्ज नंतर बघू.