व्हिक्टोरियन काळाच्या ‘लिव्हिंग हिस्टरी’त घरातली कोणती कामं करून दाखवावीत?

‘लिव्हिंग हिस्टरी’ म्हणजे त्या काळचा पोशाख घालून तेव्हाचं रोजचं जगणं लोकांसमोर करून दाखवणं. तुम्ही इंग्लंडमधल्या अशा एका गटात सामील झाला आहात, पोशाख शिवून तयार आहे, पण दिवसभर हातांनी करायचं काय हे कळत नाहीये. शिवाय त्या घरात भारतीय बाई दिसणं विचित्र वाटेल का, अशीही शंका आहे. मी मिडलंड्समधल्या एका जुन्या घराच्या संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून हेच करते, म्हणून उत्तर देते.

आधी एक साल पक्कं करा. ‘व्हिक्टोरियन’ म्हणजे १८३७ ते १९०१, तब्बल ६४ वर्षं, आणि एवढ्या काळात घरातली प्रत्येक वस्तू बदलली. १८४५ सालच्या बाईकडे सेफ्टी पिन असणार नाही, तिचं पेटंट १८४९ चं. शिवणयंत्र १८५० साली दिवाणखान्यात ठेवलंत तर जाणकार लगेच टोकतील, १८८० साली ठेवलंत तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. भडक जांभळी लोकर हवी असेल तर विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला तो कृत्रिम रंग १८५६ साली सापडेपर्यंत थांबावं लागेल. सालानंतर घर ठरवा: तुम्ही मालकीण, मोलकरीण, की खाणकामगाराची बायको?

बहुतेकींना मालकीण व्हायचं असतं, खिडकीशी बसून बारीक भरतकाम करायचं असतं. माझं मत विचाराल तर हा मोह टाळा. भरतकाम करणारी बाई बघून लोक ‘छान’ म्हणतात आणि पुढे जातात. फाटकं काही शिवत बसलात तर थांबतात, विचारतात, जवळ येऊन बसतात. आणि त्या काळच्या बहुतेक बायकांच्या हातात रोज सुई असायची ती याच कामासाठी.

म्हणून माझी पहिली पसंती दुरुस्तीला. मोज्याच्या टाचेत लाकडी अंडं घालून लोकरीने रफू करायचं: आधी उभे धागे भरायचे, मग आडवे एकाआड एक विणत न्यायचे. काम मध्येच सोडून कुणाशी बोललात तरी बिघडत नाही, हा त्याचा मोठा फायदा. दुसरं, चादरी. मधोमध विरलेली चादर उभी फाडायची, कडेच्या धडक्या बाजू मध्ये आणून जोडायच्या आणि नव्या कडांना तुरपाई घालायची. विरलेल्या लुगड्याला दंड घालतात त्याच हिशेबाचं काम आहे, त्यामुळे तुम्हाला समजावून सांगायला अवघड जाणार नाही. तिसरं, कपड्यांवर खुणा घालणं. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे यांवर लाल दोऱ्याने फुलीच्या टाक्यात आद्याक्षरं आणि क्रमांक घालत, म्हणजे धुण्यातून कपडा हरवला तर कळायचं. शाळेतल्या मुली कापडाच्या तुकड्यावर ए-बी-सी भरायला शिकत, त्याचा हा रोजचा उपयोग. अंगुस्तान धातूचं घ्या, दोरा सुती, आणि प्लॅस्टिकचा शिवणाचा डबा घरीच ठेवा.

विणकामही चालतं. पायमोजे चार-पाच दुटोकी पोलादी सुयांवर गोलात विणा. ॲक्रिलिक लोकर, ॲल्युमिनियमच्या सुया आणि वायरने जोडलेल्या गोल सुया मात्र नकोत.

धुणं हा सगळ्यात मोठा तमाशा, जागा आणि परवानगी असेल तर जरूर करा. इंग्लंडात धुण्याचा वार सोमवार. आदल्या दिवशीच्या रोस्टचं गार मांस उरलेलं असायचं, म्हणून त्या दिवशी चुलीपाशी फारसं अडकावं लागत नसे. कपडे आधी सोड्याच्या पाण्यात भिजत, मग पांढरे कपडे खाली जाळ असलेल्या मोठ्या हंड्यात उकळत. बाकीचे टबात डॉलीने घुसळत. डॉली म्हणजे लांब दांडा, खाली लाकडी पाय आणि वर धरायला आडवी मूठ. मग खळखळून काढायचं, शेवटच्या पाण्यात नीळ, हवी तिथे खळ, आणि लाकडी रुळांच्या मँगलमधून पिळून वाळत. नीळ दाखवताना मला नेहमी गंमत वाटते: हल शहरातल्या ज्या रेकिट कंपनीची नीळ त्या घरांत असे, तिच्याच रॉबिन ब्लूने आपल्या आजोबांची धोतरं पांढरी झाली. मँगलपाशी मात्र लहान मुलांना एकटं सोडू नका, बोटं सापडतात.

इस्त्रीला दोन सपाट लोखंडी इस्त्र्या लागतात. एक फिरवायची तेव्हा दुसरी चुलीवर तापत असते. चुलीवरून काढली की काजळी पुसायची, पाण्याचा थेंब टाकून ताप बघायचा आणि दांड्याला जाड कापड धरायचं. सिंथेटिक पेटीकोट घालून यातलं काहीच करू नका. विस्तवाजवळ सुती किंवा लोकरीचं कापड आणि आवरलेल्या बाह्या.

चिंध्यांचा गालिचा हे उत्तर इंग्लंडातल्या कामगार घरांचं खास काम. लाकडी चौकटीवर गोणपाट ताणायचं आणि जुन्या कोट-पँटच्या पट्ट्या टोच्याने त्यात खुपसायच्या. पाहुण्यांच्या हातात टोच्या देता येतो, मुलं तासभर हलत नाहीत. शतकाच्या उत्तरार्धातलं घर असेल तर गोणपाटाबद्दलही सांगा: स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांत बंगालचा ताग विणला जायचा.

स्वयंपाकाबद्दल थोडक्यात. पाहुण्यांना खायला देण्याचे संग्रहालयाचे नियम कडक असतात, त्यामुळे मळणं, लाटणं, वाटाणे सोलणं, सुळक्याच्या आकाराच्या साखरेच्या ढेपेचे चिमट्याने तुकडे करणं एवढं पुरे. कस्टर्ड पावडर बिनधास्त ठेवा, फक्त डबा त्या काळचा वाटेल असा बघा. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने अंडी न सोसणाऱ्या बायकोसाठी ती १८३७ साली केली, म्हणजे राणी गादीवर आली त्याच वर्षी. पत्रलेखन आणि दिव्यांच्या काचा पुसणं ही पावसाळी दिवसांसाठी राखून ठेवा.

आता तुमच्या दिसण्याबद्दल. विचित्र मुळीच नाही, आणि इंग्रज बाईचं सोंग आणायलाच हवं असंही नाही. हिंदुस्थानातून परतणाऱ्या गोऱ्या कुटुंबांबरोबर मुलं सांभाळायला आया बोटीने येत. परतीची सोय न झालेल्या आयांसाठी लंडनमध्ये वेगळं वसतिगृहही होतं. पंडिता रमाबाई १८८३ साली छोट्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला आल्या, वाँटेजला मठातल्या जोगिणींकडे राहिल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकल्या, तिथे संस्कृतही शिकवलं. रखमाबाई १८८९ साली डॉक्टर व्हायला लंडनला आल्या. तुमच्या गटाचं साल १८८०च्या पुढचं असेल तर अशी एखादी विद्यार्थिनी उभी करता येईल; त्याआधीचं असेल तर आया. आया झालात तर मुलांचे कपडे दुरुस्तीला घ्या: कोपरांना ठिगळं, झग्याची खालची दुमड उसवून लांबी वाढवणं, तुटलेल्या नाड्या. दिवसभराला पुरेल एवढं काम त्यात निघतं.