जुन्या कानशीचा स्क्रेपर करताना टोक ग्राइंडरवर निळं पडलं. कानस वाया गेली का? घरी पुन्हा कडक करता येईल का? आणि अडकवायला भोक कुठे पाडू?

वाया गेलेली नाही. निळा रंग म्हणजे त्या जागी पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं आणि तिथलं पाणी, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, उतरलं. फिकट गवती रंग २२० ते २३० अंशांना येतो, तपकिरी २५५ च्या आसपास, जांभळा २७०-२८० ला. गवती रंगापर्यंत स्क्रेपरचं काही बिघडत नाही. निळ्यावर मात्र धार टिकत नाही.

एमरीने घासून निळा रंग काढू नका. रंग जातो, मऊपणा तसाच राहतो, आणि कितपत बिघडलंय हे सांगणारी खूणही हातची जाते. दुसऱ्या चांगल्या कानशीचा कोपरा टोकावर फिरवून पाहा: घसरला तर भाग कडक आहे, चावला तर मऊ. बहुतेक वेळा मऊ भाग काही मिलिमीटरांचाच असतो. तेवढा हळूहळू घासून टाका, खालचं पोलाद मूळचं कडकच आहे. पुन्हा तापवण्यापेक्षा मी नेहमी हाच मार्ग सुचवेन.

टोक तापतं ते बहुधा ग्राइंडरचा दगड चकचकीत झाल्यामुळे. असा दगड कापत नाही, नुसता घासतो. तो ड्रेसरने (दगडाचा वरचा थर खरवडायच्या हत्याराने) मोकळा करा, हलका हात ठेवा, आणि कानस पाण्यात वारंवार बुडवा. टोकावरचं पाणी सुकायला लागलं की लगेच परत बुडवायचं. हातमोजे घालू नका: दगडात अडकले तर बोटं जातात, आणि उघड्या बोटांना उष्णता आधी कळते. पातळ कड सगळ्यात लवकर जळते, म्हणून ग्राइंडरवर कड मिलिमीटरभर जाड ठेवा आणि उरलेलं तेलाच्या दगडावर करा. चष्मा हवाच. कानस टेकवायचा टेकू दगडापासून ३ मिलिमीटरच्या आत असू द्या. मशीन सुरू केल्यावर मिनिटभर बाजूला उभे राहा, दगडाला तडा असेल तर तो याच वेळी फुटतो. ॲल्युमिनियम या दगडावर कधीच घासू नका. ते दगडाच्या दाण्यांत भरतं, दगड तापतो आणि फुटू शकतो.

तरीही पुन्हा पाणी द्यायचंच असेल, तर आधी दात पूर्ण घासून काढा, कारण तडे दातांच्या खाचांतूनच सुरू होतात. मग टोक लाल होईपर्यंत तापवा. उन्हात लाल रंग कळत नाही, सावलीत काम करा. चुंबक चिकटायचं थांबलं की सुमारे ७७० अंश झाले. त्याच्या किंचित पुढे नेऊन कोमट तेलात सरळ उभं बुडवा. पाण्यात कडकपणा जास्त येतो, पण पातळ तुकडा तडकायची भीतीही जास्त. तेल धातूच्या डब्यात घ्या, झाकण जवळ ठेवा, भडका उडू शकतो. या अवस्थेत टोक काचेसारखं ठिसूळ असतं, पाडलं तरी तुटेल. म्हणून लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवा. हा टप्पा टाळण्याजोगा नाही. सगळं करूनही टोक मऊच राहिलं, तर ती कानस बहुधा फक्त वरच्या थरात कडक केलेली होती. तिच्यामागे लागू नका.

आणखी एक. या स्क्रेपरवर हातोडी मारू नका, त्याचा तरफ म्हणूनही उपयोग करू नका. कानस मुळात ६० रॉकवेलच्या (हे कडकपणाचं माप) वर कडक असते, तिचे तुकडे उडतात. ठोकायच्या छिन्नीला वेगळं, चिवट पोलाद लागतं.

भोक मुठीच्या बाजूला, शेपटीत पाडा. ती बहुधा मुद्दाम मऊ ठेवलेली असते आणि साधा हायस्पीड ड्रिल तिथे चालतो. दातांच्या भागात ड्रिल नुसता घासत राहील आणि त्याची धार जाईल.