जुनी रेसर सायकल घ्या, पण रंगाचे पैसे राखून ठेवा

एका वाचकाने विचारलं आहे (पत्र मोठं होतं, इथे गोळाबेरीज देतो): 'ओळखीच्या एका गृहस्थांकडे सत्तरच्या दशकातली पोलादी रेसर सायकल पडून आहे. फ्रेमवर रेनॉल्ड्स ५३१ या नावाजलेल्या इंग्लिश पोलादी नळ्यांचं स्टिकर आहे, मागचा गिअर कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीचा. ते मागतात ती किंमत माझ्या महिन्याच्या बचतीच्या निम्मी. कारागिराने सायकल पूर्ववत करायचा अंदाज दिला आहे, तो दोन महिन्यांच्या बचतीइतका. पत्नी म्हणते, तेवढ्यात नवी कोरी सायकल येते. माझं म्हणणं, जुन्या सायकलींच्या किमती वाढतायत, म्हणजे ही गुंतवणूक झाली. बोनस पाच महिन्यांच्या बचतीएवढा येणार आहे. गृहकर्ज चालू आहे, आपत्कालीन निधी तीन महिन्यांच्या खर्चापुरता आहे. बोनसमधून करू, की बिनव्याजी हप्त्यांवर?'

आधी 'गुंतवणूक' हा शब्द बाजूला ठेवू, कारण त्याच्या आडोशाने बराच खर्च आत शिरतो. वर्षाला ७ टक्के मिळाले तर दहा वर्षांत रक्कम जवळपास दुप्पट होते. म्हणजे तुमचा अडीच महिन्यांच्या बचतीचा खर्च दहा वर्षांनी पाच महिन्यांच्या बचतीला विकला गेला, तर कुठे तुम्ही बरोबरीत. त्यात मधल्या काळातले टायर, तारा, चेन धरलेले नाहीत. इतकी चढती किंमत मिळते ती कुणाला? ज्या सायकलीवर नावाजलेल्या शर्यतपटूने शर्यत मारली आणि त्याचा पुरावा आहे तिला, किंवा जिचा मूळ रंग, मूळ भाग आणि कागदपत्रं शाबूत आहेत अशा वरच्या श्रेणीच्या सायकलीला. सत्तरच्या दशकात सायकलींची लाट आली होती. एकट्या अमेरिकेत १९७३ साली दीड कोटीच्या आसपास सायकली विकल्या गेल्या. त्या काळातली सायकल जुनी असते, पण दुर्मीळ असतेच असं नाही.

म्हणून काही लगेच नवी घ्या असंही मी म्हणणार नाही. तुमच्या पत्नींचं गणित सरळ आहे, पण त्यात घसारा राहून गेला. नवी सायकल दुकानाबाहेर पडली की तिची किंमत घसरायला लागते आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त घसरते. तुमच्या जुन्या सायकलीचा घसारा दुसऱ्या कुणीतरी कधीच सोसलाय. रास्त भावात घेतलीत, तर वर्षभराने साधारण त्याच भावात कुणीतरी नेईल. परत येत नाहीत ते दुरुस्तीचे पैसे. तुम्ही रंगावर किती ओतले याच्याशी पुढच्या गिऱ्हाइकाला काही देणंघेणं नसतं. तो बाजारभाव बघतो आणि वर म्हणतो, 'मूळ रंग असता तर बरं झालं असतं.'

तेव्हा हिशेबाचे दोन कप्पे करा. सायकलीची किंमत एका कप्प्यात, ती बरीचशी परत मिळणारी. दुरुस्ती दुसऱ्या कप्प्यात, ती मिळाली नाही तरी चालेल अशी. आणि दुसऱ्या कप्प्यातला खर्च अशा क्रमाने करा, की कुठल्याही टप्प्यावर थांबलात तरी हातात चालणारी सायकल राहील.

तुमच्या कारागिराचा अंदाज नेमका उलट्या क्रमाने लिहिलाय. तुम्ही पाठवलेली फोड मी बघितली. जवळजवळ ४५ टक्के रंग, क्रोम आणि नवी स्टिकरं. पंचवीस टक्के 'त्या काळातले' सुटे भाग. वीस टक्के टायर, ट्यूब, तारा, ब्रेक रबर, चेन, छर्रे आणि ग्रीस. उरलेले दहा मजुरीचे. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. सायकल चालते ती त्या वीस आणि दहा टक्क्यांवर. आधी फ्रेम रंगायला दिलीत तर सगळे भाग सुटे होऊन पिशवीत पडतात. मग मध्येच पैसे संपले किंवा उत्साह, की पिशवी माळ्यावर जाते. अर्धवट सोडलेल्या अशा सायकली विकायला निघतात तेव्हा त्यांना मूळ किंमतसुद्धा येत नाही.

खरेदीआधी फुकटात होणारी तपासणी मात्र अजिबात टाळू नका, खरे पैसे तिथेच वाचतात. सीट ज्या दांड्यावर असते त्या सीटपोस्टचा बोल्ट सैल करा आणि सीट धरून पिळून बघा. पोलादी नळीत अ‍ॅल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षं न हलता राहिला, की दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि दांडा आत जणू वेल्ड झाल्यासारखा बसतो. मग झिरपणारं तेल, शिकंजा, शेवटी आतून करवतीच्या पात्याने चिरणं किंवा कॉस्टिक सोड्याने अ‍ॅल्युमिनियम विरघळवणं, इथपर्यंत मजुरी जाते. निघाला तर त्यावर कोरलेला आकडा वाचा. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा खऱ्या ५३१ नळ्यांच्या इंग्लिश फ्रेममध्ये तो साधारण २७.२ मिलिमीटर असतो. २६.४ किंवा त्याहून कमी निघाला तर नळी जाड, म्हणजे फ्रेम खालच्या श्रेणीची असण्याची शक्यता मोठी. स्टिकरही नीट वाचा. रेनॉल्ड्सने १९३५ साली हे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद आणलं तेव्हापासून ५३१ हा आकडा मिरवायचा झाला, पण काही स्टिकरांवर फक्त तीन मुख्य नळ्यांची हमी असते, पुढच्या चिमट्याची आणि मागच्या दांड्यांची नसते. दोन्ही स्टिकरं लांबून सारखीच दिसतात.

नंतर हँडलखालच्या आडव्या आणि तिरक्या नळीच्या खालच्या अंगाला, जोडाच्या लगेच मागे, बोट फिरवा. तिथे बारीकशी सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून आदळली आहे. रंगाला तडा गेला असेल तर आणखीच वाईट. अशी फ्रेम फुकट मिळाली तरी घेऊ नका. कॅम्पाग्नोलोच्या त्या गिअरवर 'पेटंट' या शब्दापुढे दोन आकडे कोरलेले असतील तर ते वर्ष समजा. अर्थात ते गिअरचं वर्ष, सायकलीचं नव्हे. मागच्या मालकाने नंतर बसवलेला असू शकतो.

एक प्रश्न कारागिराला लेखी विचारा: पेडलांच्या मधल्या आसाचे, म्हणजे बॉटम ब्रॅकेटचे आटे कुठल्या मापाचे? इंग्लिश मापात उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, इटालियन आणि फ्रेंच मापात दोन्हीकडे सरळ. हा आस फ्रेमच्या ज्या नळकांड्यात बसतो ते इटालियन कवच ७० मिलिमीटर रुंद, इंग्लिश ६८. हँडल फ्रेमला जोडणारा दांडा म्हणजे स्टेम, फ्रेंच स्टेमचा व्यास २२ मिलिमीटर आणि बाकीच्यांचा २२.२, एवढ्याशा फरकानेही भाग बसत नाही. चुकीच्या मापाचा भाग मागवला, तो परत जात नाही, पुन्हा दुसरा मागवला, असं करत अंदाजाचा दीडपट होतो. उत्तर पटकन आणि ठाम आलं तर कारागीर जाणकार आहे. 'बघू, बसवू काहीतरी' असं आलं तर दुसरा शोधा.

घेतलीत असं धरून पहिला टप्पा सांगतो. आसांमधले जुने छर्रे काढायचे, कप-कोन रॉकेलने धुऊन घासलेल्या खाचा बघायच्या, नवे छर्रे भरायचे. बॉटम ब्रॅकेटमध्ये साधारणपणे पाव इंची छर्रे, सुटे असतील तर प्रत्येक बाजूला अकरा. सगळ्या कामातला हा सगळ्यात स्वस्त भाग, आणि चाक हाताने फिरवल्यावर सगळ्यात जास्त फरक इथेच कळतो. चेन मोजा: बारा इंचांच्या जागी एक-अष्टमांश इंचाने वाढली असेल तर फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, तोही खाल्लेला असणार, एक-षोडशांशवर असेल तर बहुधा नुसती चेन बदलून भागेल. ब्रेकची रबरं आणि तारा डोळे मिटून नव्या घ्या. रिम क्रोम केलेल्या पोलादाची असेल तर पावसात ब्रेक जवळजवळ लागत नाही, तिथे अ‍ॅल्युमिनियमची रिम हवीच.

आणि तुमच्या अंदाजात अजिबात नसलेली एक गोष्ट स्वतः जोडा: नवं हँडल आणि नवा स्टेम. पोलाद ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा सोसतं, अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ते वर्षानुवर्षं थकत जातं आणि एक दिवस न सांगता तुटतं. आधीच्या मालकाने त्यावर किती जोर लावला हे तुम्हाला कधीच कळणार नाही. इथे काटकसर नको.

सायकलीची किंमत, हे सामान, मजुरी आणि हँडल-स्टेम मिळून सव्वा महिन्याच्या बचतीत बसेल. इथे थांबा आणि चालवा. एक ऋतू तरी.

कारण चालवल्याशिवाय पुढचा खर्च कशावर करायचा हेच कळत नाही. त्या काळच्या शर्यतीच्या सायकलीला पुढची लहान चकती बहुधा ४२ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी चकती २४ दात्यांची. पेडलचा एक फेरा मारलात की सायकल सुमारे ३.७ मीटर पुढे जाते. आजच्या रोड बाईकवर ३४ आणि ३२ दात्यांची जोडी मिळते, तिथे तेच अंतर २.२ मीटर. चढावर हा फरक गुडघ्यांना कळतो. तीन महिन्यांत तुम्हाला वाटलं की चढ झेपत नाही, तर पैसे गिअरवर घालायचे, रंगावर नव्हे. २७ इंची चाकांऐवजी आजच्या ७०० सी मापाची घ्यायची झाली तर रिमचा व्यास ६३० वरून ६२२ मिलिमीटर होतो, ब्रेकची रबरं ४ मिलिमीटर खाली आणावी लागतात. ब्रेकच्या हातांना तेवढी खाच असेल तर खर्च फक्त चाकांचा, नसेल तर ब्रेकही आले. आणि कदाचित असंही कळेल की तुम्हाला या वाकलेल्या हँडलवर बसणंच आवडत नाही. तेव्हा विकून टाका. गेले ते छर्रे, तारा आणि मजुरीचे पैसे, म्हणजे एका छंदाची फी.

'त्या काळातले' भाग घ्यायला तुम्हाला कुणी लेरोइकाचं नाव सांगून भरीला घातलेलं दिसतंय. इटलीतल्या गायोले इन कियांतीमधून १९९७ पासून निघणारी ही जुन्या सायकलींची फेरी आहे खरी मोठी हौशी. पण तिची मुख्य अट सायकल १९८७ च्या आधीची असावी ही, शिवाय गिअरचे दांडे तिरक्या नळीवर, पेडलना चिमटे आणि पट्टे, ब्रेकच्या तारा हँडलबाहेरून. तुमच्या सायकलीत हे सगळं आधीपासूनच आहे. चाळीस-पन्नास वर्षं डब्यात बंद राहिलेले ब्रेकच्या मुठींचे रबरी कव्हर चढ्या भावाने घेण्याची काही गरज नाही, तसंही जुनं रबर ताणलं की फाटतं.

रंगाबद्दल माझं मत पक्कं आहे: पहिल्या वर्षी नको, आणि मूळ रंग निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर कधीच नको. गंज असेल तिथे घासून, पारदर्शक लेप देऊन भागतं. पुढेमागे रंगवलीच तर वाळूचा मारा करून जुना रंग काढणाऱ्याला आधी सांगा की नळी मध्ये एक मिलिमीटरहून पातळ आहे. फाटक साफ करणारा माणूस तेवढ्याच जोराने इथेही मारतो.

आता पैसे कुठून. हप्त्यांवर नाही. बिनव्याजी म्हणतात तिथे प्रक्रिया शुल्क असतं, रोखीची सूट हातची जाते, आणि मुख्य म्हणजे जी गोष्ट टप्प्याटप्प्याने थांबवता यायला हवी तिचा खर्च पहिल्याच दिवशी पूर्ण बांधला जातो. बोनसला हात लावू नका. तुमचा निधी तीन महिन्यांचा आहे, कर्ज असलेल्या घराला सहा महिन्यांचा हवा. बोनसचा निम्मा भाग त्यात घाला. तेवढ्याने सहा महिने भरत नसतील तर आणखी थोडा. उरलेला कर्जाच्या मुद्दलात भरा. तो परतावा खात्रीचा आहे, तुमच्या कर्जाच्या दराइतका, आणि त्यासाठी कुणाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. सायकल महिन्याच्या बचतीतून: या महिन्यात खरेदी, पुढच्या दोन महिन्यांत थोडं थोडं करून पहिला टप्पा. त्या काळात बाकीची नियमित गुंतवणूक पूर्ण बंद करू नका, थोडी कमी झाली तर आभाळ कोसळत नाही.

काम स्वतः करू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. करा, पण पैसे वाचतील म्हणून नव्हे. क्रँक, म्हणजे पेडल ज्यावर असतं तो दांडा, ओढायचा पाना कंपनीनुसार बदलतो, फ्रीव्हील काढायच्या पान्याची खाच प्रत्येकाची वेगळी, आणि एका सायकलीसाठी ही हत्यारं घेतलीत तर मजुरीएवढे पैसे तिथेच गेले. चुकीचा पाना लावून क्रँकचे आटे गेले की क्रँकही गेला. छर्रे, तारा, ब्रेक घरी करा. क्रँक आणि फ्रीव्हील पहिल्यांदा कारागिराकडे, शेजारी उभं राहून.

आणि घासाघीस सीटपोस्टपासून सुरू करा. हलला तर मागितलेली किंमत ठीक आहे. नाही हलला तर निम्म्यावर या आणि का ते त्या गृहस्थांना तिथेच पिळून दाखवा. ते नाही म्हणाले तर चहा पिऊन परत या. त्या दशकातली दुसरी सायकल मिळेल.