आजीच्या जुन्या कुड्या आणि बुगड्या मोडून नवीन कानातले करावेत का?

तुम्ही लिहिलंय की आजीला तिच्या आजीकडून आलेल्या मोत्यांच्या कुड्या आणि बुगड्या कपाटात पडून आहेत, हॉलमार्क नाही, कोणी घालत नाही, आणि सराफ म्हणतो मोडून टाका. माझं म्हणणं विचाराल तर मोडू नका.

आमच्या घरी हे होऊन गेलंय. आईने माझ्या आजीच्या कुड्या मोडल्या तेव्हा मी दहावीत होते आणि दुकानात तिच्या शेजारीच बसले होते. कारागिराने चिमट्याने तारा तोडल्या, मोती कागदाच्या पुडीत बांधून आईच्या हातात दिले आणि काट्यावर टाकलं ते फक्त सोनं. ते जेमतेम साडेतीन ग्रॅम भरलं. त्यातून घट वजा झाली, वर नव्या रिंगांची घडणावळ द्यावी लागली. ती पुडी आज माझ्याकडे आहे. आत चौदा मोती आहेत, एका कुडीचे सात आणि दुसरीचे सात.

कुडीत सोनं असतंच थोडं. मधे एक मोती किंवा माणिक, भोवती सहा मोती, आणि ते धरून ठेवणारी सोन्याची बारीक तार. म्हणजे तिचं मोल मोत्यांत आणि हातकामात, आणि मोडताना नेमकं त्यालाच कोणी मोल देत नाही. जुन्या कुड्यांत बसरा मोती असण्याची बरीच शक्यता असते. हे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती. बसऱ्याच्या बाजारामुळे ते नाव पडलं आणि एकोणिसाव्या शतकात त्यांची मोठी उलाढाल मुंबईत होत असे. १९२० नंतर जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, पुढे आखातात तेल निघालं आणि तो धंदा बसला. दातावर हलकेच घासून मोती किंचित खरखरीत लागला तर तो काचेचा नाही एवढंच कळतं. नैसर्गिक की संवर्धित हे ठरवायला एक्स-रे लागतो, तो मुंबईतल्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत करून घ्या. त्याआधी काही ठरवू नका.

मावशीच्या कुड्या वाचल्या, त्या मी घालते. एकदा भिंगाखाली धरून बघा म्हणजे मी काय म्हणतेय ते दिसेल. सहा मोती एकसारखे नाहीत. सगळ्यात लहान मोती कारागिराने खालच्या बाजूला, कानाच्या पाळीकडे वळवून बसवलाय, म्हणजे समोरून फूल गोल दिसावं. मळसूत्र हाताने कापलेलं आहे, त्यामुळे एका कुडीची फिरकी दुसरीला बसतच नाही. ते त्यालाही ठाऊक होतं, म्हणून एका फिरकीवर आणि तिच्या दांडीवर त्याने कानशीने बारीकशी खूण केलीय. माझ्या मावशीला आयुष्यभर ती खूण दिसली नव्हती. मी दाखवली तेव्हा ती कितीतरी वेळ फिरकी बोटांत धरून बसली.

हॉलमार्कवरून घाबरू नका. १६ जून २०२१ पासूनची सक्ती सराफाने विकायच्या दागिन्यांसाठी आहे, घरातल्या जुन्या सोन्याला ती लागू नाही. कस बघायचाच असेल तर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, मान्यता असलेल्या केंद्रात पैसे भरून तपासून मिळतो. मात्र जुन्या कामात सांधे झाळायला कमी कसाचं सोनं वापरलेलं असतं, त्यामुळे वेगवेगळ्या जागी कस वेगळा निघाला तर आजीला कोणी फसवलं असं समजू नका.

आणि वस्तू खरोखर शंभर वर्षांपलीकडची असेल तर ती १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या बहिणीला वगैरे द्यायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा.

बुगडी कानाच्या वरच्या पाळीत घालतात आणि आता बहुतेकींना तिथे भोक नसतं. म्हणून जुन्या बुगडीची दांडी कापून तिला चाप लावून देतात. ते मुळीच करू नका. चापाची बुगडी बाजारात हवी तेवढी मिळते, ती वेगळी घ्या. नाहीतर सरळ कान टोचून घ्या. मी चाळिशीत टोचला, आठवडाभर त्या कुशीवर झोपता आलं नाही, पण आता दर दिवाळीला बुगडी कानात असते.

दुरुस्ती लागलीच तर मोत्याचं काम हाताने करणारा कारागीर शोधा, आणि तो काम करत असताना समोर बसा. मोत्याला घाम, अत्तर, लिंबू, साबण काही सोसत नाही. सगळं आवरून झाल्यावर शेवटी कुड्या घाला आणि काढल्या की मऊ सुती कापडाने पुसा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, मलमलीत गुंडाळा. फिरक्या मात्र ज्या त्या कुडीला लावूनच ठेवा.