माउंट वॉशिंग्टनवर हिवाळा काढायला निघालेल्या मुलीला

हाय,

तुझी मेल वाचली. तिथल्या माथ्यावरच्या हवामान वेधशाळेत निरीक्षणाच्या कामासाठी सिलेक्शन झालं, भारीच! प्रश्न इतके विचारलेस की एकेकाचं उत्तर देत बसले तर हिवाळा संपेल, म्हणून मला जे महत्त्वाचं वाटतं ते आधी सांगते, बाकीचं जमेल तसं.

पहिलं म्हणजे उंचीच्या आकड्यावर जाऊ नकोस. ६२८८ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम नऊशे फूट जास्त, तू सह्याद्रीत एवढी फिरलीस तर तुला हसूच येणार. पण हा डोंगर न्यू हॅम्पशायरमधे ४४ अंश उत्तरेला आहे, पूर्व अमेरिकेतून जाणाऱ्या वादळांचे बरेच रस्ते त्याच्या आसपासच एकमेकांना भेटतात, आणि अख्खी रांग साधारण उत्तर-दक्षिण उभी असल्यामुळे पश्चिमेचा वारा तिच्यावर आडवा आपटतो, वर चढताना दाबला जातो आणि माथ्यावरून सुसाट सुटतो. वर्षातले शंभरेक दिवस तरी ताशी ७४ मैलांच्या वरचे झोत येतात, म्हणजे ११९ किलोमीटर. एवढा वारा समुद्रावर सलग वाहिला तर आपलं हवामान खातं, म्हणजे आयएमडी, त्याला अतितीव्र चक्रीवादळ म्हणेल, आणि इथे लोक त्यात आत बसून भांडी घासत असतात. वर्षातला निम्म्याहून जास्त वेळ माथा ढगातच असतो हे वेगळंच.

आता तुझा मुख्य प्रश्न, की सगळं ऑटोमॅटिक झालंय तर दर तासाला माणसाने बाहेर कशाला जायचं. हा प्रश्न सगळेच विचारतात आणि पहिल्या आठवड्यातच त्याचं उत्तर मिळतं. उत्तर आहे राइम. ढगातले थेंब शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहिलेले असतात, ते कशालाही टेकले की तिथल्या तिथे गोठतात, आणि हा बर्फ वाऱ्याच्या समोरच्या बाजूला, वारा जिकडून येतो तिकडेच वाढत जातो. रेलिंग, दोरी, अँटेना, वारा मोजायची नळी, सगळं पांढऱ्या पिसांनी भरून जातं. साधे फिरणाऱ्या वाट्यांचे वारामापक इथे केव्हाच गोठून बसतात, म्हणून मुख्य यंत्र पिटो ट्यूबचं आहे, म्हणजे आत शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजणारी नळी, विमानाला असते तशी, आणि ती आतून तापवलेली असते. तरी तिच्या आजूबाजूचं सगळं बर्फाने भरतंच. सेन्सर बर्फात गाडला गेला तरी तो गप्प बसत नाही गं, तो आकडा देतच राहतो! स्क्रीनवर वारा हळूहळू उतरताना दिसतो, आलेख अगदी छान गुळगुळीत, आणि बाहेर मात्र दार उघडत नाही अशी परिस्थिती. म्हणून वारा अचानक शहाणा झालेला दिसला की आधी पहार घ्यायची आणि टॉवरवर जायचं, मग त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा.

१९३४ चा तो वाऱ्याचा रेकॉर्ड तुला पाठच असेल, १२ एप्रिल, ताशी २३१ मैल, म्हणजे ३७२ किलोमीटर. १९९६ ला ऑस्ट्रेलियात बॅरो आयलंडवर ऑलिव्हिया चक्रीवादळात २५३ मैल नोंदला गेला आणि तो मोडला, पण माणसाने स्वतः हजर राहून मोजलेला सगळ्यात जोराचा वारा अजून तोच. मला त्यातला २३१ पेक्षा पहाटेचा भाग जास्त आवडतो. वेंडेल स्टीफन्सन ड्यूटीवर होता, यंत्र शंभरच्या थोडं वर दाखवत होतं आणि त्याला आवाजावरून ते पटेना, म्हणून तो सोटा घेऊन त्या वाऱ्यात छपरावर चढला आणि बर्फ झोडून काढला. खाली येऊन बघतो तर वारा बराच जास्त निघाला. तो चढला नसता तर दुपारचा तो २३१ चा आकडाही कोणी तितकासा मानला नसता असं माझं मत. तिथे आजही हेच काम आहे. आकडा कॉम्प्युटर देतो, तो खरा आहे की नाही हे आपण बघायचं.

टॉवरवर बर्फ झोडताना तुकडा वाऱ्याबरोबर गोळीसारखा सुटतो, त्या बाजूला स्वतः उभं राहायचं नाही आणि दुसऱ्यालाही उभं राहू द्यायचं नाही. यंत्राच्या जवळ आलं की जोर कमी करायचा, कारण सेन्सर तोडलास तर बर्फापेक्षा वाईट. आणि बाहेर पडताना सांगून जायचं, दोन मिनिटांचं काम असलं तरी. वारा जास्तच पेटला असेल तर एकटीने जायचंच नाही, तिथे कोणी तुला भित्री म्हणणार नाही, आणि म्हणालाच कोणी तर तो माणूस अजून नवा आहे असं समज.

तापमान अजूनही स्लिंग सायक्रोमीटरने घेतात, हे ऐकून तुला गंमत वाटेल, दोन थर्मामीटर एका पट्टीवर, एकाच्या टोकाला ओलं कापड, आणि ती पट्टी हाताने हवेत गरगर फिरवायची. वाऱ्याकडे तोंड करून उभी राहा, हात अंगापासून लांब, श्वास त्यावर पडता कामा नये, आणि वाचताना आधी ओला मग कोरडा, कारण थांबवल्याबरोबर ओल्याचा पारा सरकायला लागतो. कडक थंडीत त्या कापडावर पाण्याऐवजी बर्फाचा पातळ थर असतो, तो नीट जमलाय का ते बघायचं. दोन्हीत फरक इतका थोडा असतो की अर्धा अंश चुकला तर आर्द्रतेचं गणित पार बोंबलतं. गॉगलवर वाफ धरली म्हणून गॉगल वर करून वाचायचा मोह होईल, तो एका क्षणापुरताच कर. वेधशाळेची नीचांकी नोंद उणे ४७ फॅरनहाइट आहे, म्हणजे जवळजवळ उणे ४४ सेल्सियस, आणि फेब्रुवारी २०२३ मधे पुन्हा तेवढंच उतरलं होतं, आणि विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे कातडीला जाणवणारी थंडी, उणे १०८ फॅरनहाइट. अशा हवेत उघडी कातडी मिनिटाच्या आत गोठते.

दर सहा तासांनी पर्जन्यमापकाचा डबा बदलायचा असतो. रिकामा घेऊन जायचं, भरलेला आणायचा, आत वितळवायचा, मोजायचा. ऐकायला सोपं आहे, पण वारा असेल तर बर्फ वरून पडतच नाही, आडवा जातो, डब्यात किती गेला आणि डब्यावरून किती गेला हे देवालाच ठाऊक. अशा वेळी जे डब्यात सापडलं तेच लिहायचं, "एवढा तरी पडला असेल" म्हणून वर दोन थेंब टाकायचे नाहीत. एखादं निरीक्षण राहिलंच तर रकाना मिसिंग म्हणून सोडायचा. त्याची लाज नको, ओढूनताणून भरलेला आकडा मात्र नको, कारण १९३२ पासूनची ती मालिका आहे आणि हवामानबदलावर काम करणारा कोणीतरी तुझा तो आकडा पन्नास वर्षांनी खरा धरणार आहे. इतक्या लांबचं कशाला, खाली टकरमन दरीत हिमस्खलनाचा अंदाज देणारे लोक तुमचा वारा आणि बर्फ रोज सकाळी बघतात, आणि ट्रेकर तुमचा अंदाज वाचून वर यायचं की नाही ते ठरवतात. त्या डोंगररांगेत आजवर दीडशेच्या वर माणसं जिवानिशी गेलीत.

ढग आणि दृश्यमानता मात्र निव्वळ डोळ्याचं काम. ओळखीची शिखरं आणि त्यांची अंतरं पाठ कर, स्वच्छ हवेत न्यूयॉर्कमधलं व्हाइटफेस दिसतं, ते साधारण १३० मैलांवर आहे. रात्रीची ड्यूटी असेल तर उजेडातून थेट बाहेर जाऊन "आकाश निरभ्र" असं लिहू नकोस, आधी अंधारात थोडा वेळ उभी राहा, पातळ ढग नंतर दिसायला लागतात. कधीकधी ढग खाली आणि आपण वर असं होतं, तेव्हा खालच्या ढगांचीही नोंद करायची असते, आणि सूर्य पाठीशी असेल तर आपली सावली त्या ढगावर पडून तिच्याभोवती रंगीत कडं दिसतं. सी. टी. आर. विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने १८९४ मधे स्कॉटलंडला बेन नेव्हिसच्या वेधशाळेत दोन आठवडे काम करताना हेच बघितलं आणि असा ढग प्रयोगशाळेत करता येतो का याच्या मागे लागला, त्यातून क्लाउड चेंबर, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या सूक्ष्म कणांच्या वाटा दाखवणारं यंत्र, निघालं आणि १९२७ चं नोबेल. म्हणून नोंद झाली की लगेच आत पळू नकोस एवढंच.

राहायचं म्हणशील तर आठवडा वर, आठवडा खाली, बुधवारी बदली. ऑटो रोडने स्नोकॅट, म्हणजे बर्फावर चालणारी पट्ट्यांची गाडी, वर आणते, बारा किलोमीटरचा रस्ता, पण वाऱ्याने बर्फाचे ढिगारे घातले असले की ते कापत कापत किती तास लागतील ते ड्रायव्हरही सांगत नाही, आणि हवा बिघडली तर बुधवारचा गुरुवार होतो. म्हणून बुधवार रात्रीची तिकिटं काढायची नाहीत. झोपायच्या खोल्या खालच्या मजल्यावर आहेत त्यामुळे वारा तितका ऐकू येत नाही, हवा मात्र फार कोरडी, ओठ फुटतात, व्हॅसलीन ने. आतले कपडे लोकरीचे किंवा सिंथेटिक, सुती एकही नको, घामाने भिजला की अंगावर थंड पडतो. स्वयंपाक आठवड्याचे स्वयंसेवक करतात, प्रेमाने करतात आणि सपक करतात, म्हणून गोडा मसाला आणि लसणाची चटणी बरोबर ने, पहिल्याच डाळीनंतर तुझी लोकप्रियता वाढेल. निंबस नावाची राखाडी मांजर आहे, ती तुझ्या खुर्चीत बसलेली असेल, तिला उठवायचं नाही, दुसरी खुर्ची घ्यायची.

मोजक्याच माणसांत आठवडा काढायचा असतो, त्यामुळे भांडी, केर, कचरा यात हात राखून वागलीस तर ते तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं. रुसवे बुधवारपर्यंत ठेवू नकोस.

आईला काय सांगायचं विचारलंयस. वाऱ्याचे आकडे सांगू नकोस, सरळ सांग की भिंती काँक्रीटच्या आहेत आणि जेवण गरम मिळतं. रात्रीपाळी मिळाली तर तिला बरंच पडेल, तुझा रात्रीचा एक म्हणजे तिकडचे सकाळचे साडेअकरा, कुकर उतरवून ती मोकळी झालेली असते. फक्त फोन तासाच्या नोंदीआधी ठेव, तिचं बोलणं दहा मिनिटांत आटपत नाही हे मला माहितीये.

बूट घेण्याआधी मला फोटो पाठव.

तुझी,
मावशी