मंत्र्यांचं उत्तर कसं वाचावं

चि. … यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा काल वाचून काढला. माहिती-तंत्रज्ञानावरच्या संसदीय चर्चांसाठी तू प्रमोद महाजनांना निवडलंस याचं नवल वाटलं नाही. अंबाजोगाईचा माणूस, हजरजबाबी, शिवाय वाजपेयी सरकारात माहिती-तंत्रज्ञान आणि संसदीय कामकाज ही दोन्ही खाती त्यांच्याकडे. पण मसुद्यात टाळ्यांची वाक्यंच फार झालीत. मंत्र्याचं काम पाहायचं तर चर्चेअखेरचं उत्तर उघड. सदस्यांनी काढलेल्या शंकांपैकी कुठल्या मान्य केल्या, कुठल्या हसण्यावारी नेल्या, कुठे आश्वासन देऊन वेळ मारून नेली, तेवढं वहीत उतरव. बाकीचं गाळलंस तरी माझी तक्रार नाही.

महाजनांचं माहिती-तंत्रज्ञान विधेयक डिसेंबर १९९९ मध्ये मांडलं गेलं, मे २००० मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि १७ ऑक्टोबर २००० पासून कायदा लागू झाला. महाजन तेव्हा राज्यसभेत होते, पण मंत्र्याला दोन्हीकडे बोलता येतं. तेव्हा एकाच सभागृहाच्या कामकाजाचा छापील वृत्तांत चाळून थांबू नकोस. विधेयक तपासणाऱ्या संसदेच्या स्थायी समितीने सुचवलं होतं की सायबर कॅफेत येणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवावी. ती सूचना कायद्यात आली नाही. तू हे एका ओळीत लिहून पूर्णविराम दिलास, आणि खरी गोष्ट तर तिथून सुरू होते. ११ एप्रिल २०११ ला सरकारने याच कायद्याखाली सायबर कॅफेंसाठी नियम काढले: गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघा, नोंदवही ठेवा, ती निदान वर्षभर जपा. कायद्यातून वगळलेलं नियमांच्या मागच्या दाराने घरात आलं. विधेयकावर मतदान होतं. नियम मात्र सभापटलावर ठेवले की झालं, कुणी मुद्दाम हरकत घेईपर्यंत त्यावर अवाक्षर निघत नाही.

तशी हरकत एकदा घेतली गेली, आणि माझ्या मते तुझ्या लेखाचा गाभा तिथे आहे. त्याच दिवशी निघालेल्या दुसऱ्या नियमांमध्ये संकेतस्थळांवर कोणता मजकूर चालणार नाही याची यादी होती. अत्यंत हानिकारक, त्रासदायक, ईशनिंदात्मक, मानहानीकारक, असे सैल शब्द. तक्रार आली की ३६ तासांत कारवाई. केरळचे खासदार पी. राजीव यांनी हे नियमच रद्द करावेत असा प्रस्ताव राज्यसभेत आणला. १७ मे २०१२ ला त्यावर चर्चा झाली. मंत्री होते कपिल सिब्बल, नावाजलेले वकील. त्यांनी सभागृहाला सांगितलं की कुठल्या शब्दांवर हरकत आहे ते सदस्यांनी पत्राने कळवावं, आपण सदस्य, उद्योग आणि इतर संबंधितांची बैठक घेऊ, आणि जे एकमत होईल ते अमलात आणू. प्रस्ताव आवाजी मतदानाने फेटाळला गेला.

आता तारखा एकाखाली एक लिही. मार्च २०१३ मध्ये खात्याने स्पष्टीकरण काढलं: ३६ तासांत तक्रारीची पोच द्यायची, निवारणाला महिना. चर्चा शब्दांवर झाली होती आणि दुरुस्ती घड्याळात झाली! शब्द जिथल्या तिथे राहिले. मग २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात सांगितलं की संकेतस्थळाला मजकूर काढायला लावायचा तर न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना हवी, कुणाची नुसती तक्रार पुरेशी नाही. राज्यसभेने नाकारलेल्या प्रस्तावातलं बरंचसं न्यायालयाच्या निकालातून पदरात पडलं.

याच निकालाने माहिती-तंत्रज्ञान कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना शिक्षा ठरवणारं कलम ६६ अ रद्द झालं. पालघरच्या दोन मुलींना नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली होती, तेच हे कलम. ते आलं २००८ च्या दुरुस्तीतून. २२ डिसेंबरला लोकसभेत गदारोळ, २३ ला राज्यसभा, चर्चा नाहीच. मंत्री ए. राजा. त्या दिवशीच्या वृत्तांतात मंत्र्याचं योगदान शोधशील तर हाती फारसं लागणार नाही, आणि ते तसंच लिही. ‘व्यवधान’ हा कंसातला शब्द वारंवार दिसला की नवखे लोक पान उलटतात. तू तिथे थांब, त्या गोंधळात कोणती कलमं मंजूर झाली ते बघ.

आश्वासनांचं एक तंत्र आहे, तेही शिकून घे. ‘विषय विचाराधीन आहे’, ‘मी त्यात लक्ष घालीन’ अशी वाक्यं आपण वाचता वाचता सोडून देतो, पण संसदेच्या लेखी ती आश्वासनं असतात. दोन्ही सभागृहांत त्यांचा पाठपुरावा करणारी समिती असते आणि पूर्ततेची मुदत साधारण तीन महिन्यांची. या समितीचे अहवाल रूक्ष असतात, कुणी वाचत नाही. माझ्यासारख्याला मात्र तिथेच बातमी सापडायची.

शेवटी २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा घ्यायचा की नाही, असं विचारलं आहेस. घे, पण थोडक्यात. अश्विनी वैष्णव यांनी आणलेलं हे विधेयक ७ ऑगस्टला लोकसभेत आणि ९ ला राज्यसभेत आवाजी मतदानाने संमत झालं. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. विधेयकाचा मसुदा पुढ्यात घे आणि जिथे जिथे ‘विहित करण्यात येईल अशा’ असं आहे, म्हणजे तपशील पुढच्या नियमांवर सोडला आहे, तिथे पेन्सिलीने खूण कर. प्रत्येक खुणेसमोर दोन रकाने आख: चर्चेत त्यावर कोण काय बोललं, आणि नियमांत काय आलं. पहिला रकाना बराचसा रिकामा राहील असा माझा अंदाज आहे. रिकामा राहिला तर रिकामाच छापायला दे, संपादकाशी मी बोलतो.

सुधारलेला मसुदा पाठवताना वृत्तांतातले पृष्ठक्रमांक घाल. मागच्या वेळी नव्हते.

तुझा,
सर